बैठकीत मांडलेली खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. लगेच सिंहासन डोळ्यांपुढं आणू नका. माझ्यासाठी आजवर कुणी निवडणूक लढवलेली नाही की पक्ष बदललेला नाही. माझ्या बैठकीच्या मधोमध एक गोल भोक आहे, त्यावर झाकण आहे आणि खाली सरकवायचं एक भांडं आहे. आता आलं लक्षात? नाक मुरडलंत तरी चालेल, मला सवय आहे.

ज्या आजारी माणसाला संडासापर्यंत चालत जाता येत नाही, त्याच्या खाटेशेजारी मी उभी असते. दुकानात माझं नाव कमोड चेअर होतं. आता मी ज्या संस्थेत आहे तिच्या यादीत ‘खुर्ची (विशेष)’ असं लिहिलेलं आहे. घरोघरी मात्र मला ‘ते’, ‘ती वस्तू’ किंवा नुसतंच ‘ह्ये’ म्हणतात. अकरा घरांत राहून आले, पण एक घर सोडलं तर पूर्ण नावानं हाक कुणी मारली नाही. बाहेरचं कुणी आलं की माझ्यावर चादर पडते. मी इतक्या वेळा चादरीखाली राहिलेय की मला माणसं आवाजावरून ओळखता येतात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून झाला. बरोबरच्या काही नळ्यांच्या व्हीलचेअर झाल्या, काहींचे वॉकर झाले. मी ही झाले. धाराशिवच्या एका दुकानात वर्षभर पडून होते, तेही काउंटरच्या मागं. मला पुढं ठेवलं की गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं, असं दुकानदाराचं म्हणणं होतं.

तिथून मला केशरबाईंनी घरी नेलं. त्या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. त्यांचे पती बाबू एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि त्यांना पोटाचा कॅन्सर झाला होता. मला पाहिल्यावर बाबूंनी पहिलं काम काय केलं असेल? हातानं हलवून पाहिलं.

“केशर, ही तर डुगडुगतीय. असली गाडी रोडवर सोडली तर साहेब मला घरी पाठवील.”

मग खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी बसच्या जुन्या टायरचं रबर मागवलं, चार तुकडे कापले आणि माझ्या चारी पायांना बसवले. तेव्हापासून मी हलत नाही. माझ्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, “तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या. आता कुठं ड्रायव्हरची सीट मिळाली बघ!” केशरबाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव मोठेपणा. तो मी अजून जपून ठेवलाय.

बाबू गेले. मला परसात नेऊन ठेवलं. पुढं केशरबाईंच्या लक्षात आलं, की माझ्या भोकात कोरफडीची कुंडी अगदी मापात बसते. सहा महिने मी कुंडी मांडीवर घेऊन उन्हात उभी होते. मला वाटलं, सुटले! आता निवृत्तीत बागकाम. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंच्या सासऱ्यांना तसाच आजार निघाला नसता, तर आज मी तुमच्याशी बोलायलाच आले नसते. त्या बाई दारात उभ्या राहून कितीतरी वेळ हवापाण्याचं बोलल्या. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “बाई, तुमच्याकडं ती वस्तू होती न्हवं?” केशरबाईंनी कोरफड बाहेर काढली.

त्या घरातलं माझं काम संपलं तेव्हा त्या बाई मला परत द्यायला निघाल्या. केशरबाईंनी अडवलं. म्हणाल्या, “माझ्याकडं नगं आणू. वैरागनाक्याला एक घर हाय, तिथं ने. नुसती ठेवून येऊ नको. तासभर बस त्यांच्यापाशी. कशी वापरायची, भांडं कसं काढायचं, समदं सांग. आन् तुमच्या घरी कसं निभावलंत ते बी सांग.”

संस्था अशी सुरू झाली. तिचं नाव ‘सोबत’. केशरबाई, त्यांचा मुलगा प्रसेनजित आणि आणखी सातजण. कुणी शिक्षक, कुणी औषधाच्या दुकानातलं, कुणी स्वतः आजारातून उठलेलं. पगार कुणालाच नाही. दवाखान्याच्या खेपेला रुग्णाबरोबर जायचं, रिपोर्ट समजावून सांगायचे, घरच्यांचं ऐकून घ्यायचं आणि लागणाऱ्या वस्तू पुरवायच्या. नियम एकच, तोच कोरफडीच्या दिवशीचा: ज्या घरातली गरज संपली, त्या घरच्यांनी वस्तू पुढच्या घरी स्वतः पोचवायची आणि तिथं तासभर बसायचं.

आता एवढ्या मोठ्या संस्थेची पहिली वस्तू मी, म्हणजे वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार व्हायला हवा की नाही? फोटोत नेहमी व्हीलचेअर पुढं असते. तिला हार घालतात, पाहुणे तिच्या दांड्याला हात लावून हसतात. मला एकदा फोटोत घेतलं होतं, पण मागच्या रांगेत, आणि माझ्यापुढं मुद्दाम एका उंच माणसाला उभं केलं होतं. चालायचंच.

आता मुख्य हकिकत सांगते. यात माझी जितकी फजिती झाली तितकी कधी झाली नव्हती.

भूमच्या पलीकडच्या एका गावात आण्णासाहेब नावाचे मोठे शेतकरी राहतात. गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंना कॅन्सर झाला आणि बार्शीला सलाईनमधून औषधाचे डोस सुरू झाले. सहा डोस घ्यायचे होते. दुसऱ्या डोसानंतर त्यांचे पाय गळाले. संडास परसात, गोठ्याच्याही पलीकडं. दोघांनी धरल्याशिवाय तिथवर जाता येईना. सून हर्षाली हिनं कुठूनतरी ‘सोबत’चा नंबर मिळवला आणि सासऱ्यांना फोन करायला लावला.

आण्णासाहेब फोनवर प्रसेनजितला म्हणाले, “वस्तू पाठवून द्या. पण माणूस कुणी नगं. आन् पोत्यात बांधून पाठवा.”

प्रसेनजितनं नियम सांगून पाहिला. आण्णासाहेब म्हणाले, “गावात बोभाटा नगं मला.” प्रसेनजित भिडस्त. त्यानं मला पोत्यात शिवलं आणि एसटीत चढवून दिलं. संस्थेत नियम मोडण्याची ती पहिलीच वेळ, आणि मोडला तो माझ्याच बाबतीत.

बस खच्चून भरलेली. येडशीच्या आतच एका आजोबांनी पोतं चाचपून पाहिलं, “खुर्चीच हाय की!” म्हणाले आणि ऐसपैस बसले. भूमपर्यंत ते माझ्यावर होते. उतरताना कंडक्टरला म्हणाले, “लई आरामशीर खुर्ची हाय. कुठं मिळती?”

घरी पोतं सोडलं आणि आण्णासाहेब माझ्याकडं बघतच राहिले. समजावून सांगायला कुणी नव्हतं, कारण त्यांनीच कुणाला येऊ दिलं नव्हतं. हर्षाली म्हणाली, “मामा, आत्यांच्या खोलीत ठेवते.” सासूला ती आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा.

आतून द्वारकाबाईंचा आवाज आला, “देवाची भिंत हाय हितं! खबरदार आत आणलं तर!”

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. आजारी माणसाला भेटायला गाव लोटत होतं ना. आण्णासाहेबांनी घाईघाईनं माझं झाकण लावलं, भांडं काढून माळ्यावर फेकलं, वर सोलापुरी चादर घातली आणि मला बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर मांडलं. “हां, या, बसा बसा!” आलेले गृहस्थ माझ्यावर बसले.

झालं! मी पाहुण्यांची खुर्ची झाले. हात ठेवायला दांडे, पाठीला टेकू आणि खाली एसटीचं रबर. घरातल्या सगळ्या खुर्च्यांपेक्षा मी मजबूत. मानाच्या पाहुण्याला आण्णासाहेब मलाच पुढं करायचे. निवृत्त हेडमास्तर श्रीमंत गुरुजी तर रोज दुपारी माझ्यावर बसून तासभर चहा पीत आणि आजारपणात धीर कसा धरावा यावर बोलत. खरं सांगू? मला आवडायला लागलं होतं. चादर तर चादर, पण बैठकीत होते! व्हीलचेअरनं मला पाहायला हवं होतं, असं मनात यायचं. इतकी मी वाहवले.

भिंतीपलीकडं काय चाललंय ते मात्र मला ऐकू येत होतं. द्वारकाबाईंनी पाणी सोडलं होतं. प्यायलं की जावं लागतं, म्हणून प्यायचंच नाही. हर्षाली तांब्या घेऊन जायची आणि भरलेला तांब्या घेऊन परत यायची. “घोटभर तरी घ्या आत्या.” “न्हाय गं, आत्ताच घेतलं की.” खोटं बोलत होत्या. सकाळी एकदा सून आणि नवरा दोन्हीकडून धरून त्यांना परसात नेत, तेवढंच. तिथून आल्यावर त्या अर्धा तास धापा टाकत.

तिसऱ्या डोसासाठी बार्शीला गेले तेव्हा डॉक्टरांनी डोस दिलाच नाही. रक्त तपासून सांगितलं, की या औषधाचा भार किडनीवर पडतो, पाणी भरपूर प्यायला हवं, आणि रिपोर्ट बिघडलाय. आठ दिवसांत सुधारला नाही तर हे औषध थांबवावं लागेल. त्या दिवशी घरी परतल्यावर आण्णासाहेब बराच वेळ ओसरीवर बसून होते. आणि मी टीव्हीसमोर, चादर पांघरून! ज्या कामासाठी माझा जन्म झाला ते काम दहा पावलांवर अडलेलं होतं आणि मी श्रीमंत गुरुजींचा भार वाहत होते. मला माझी लाज वाटली. तोवर लोकांनाच माझी वाटायची.

हर्षालीनं सासऱ्यांना न विचारता केशरबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं त्या हजर.

नोकरीत असताना केशरबाई याच गावात लस टोचायला यायच्या. तेव्हा त्यांना चहा मिळायचा तो ओसरीवर, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. मला पुसता पुसता त्यांनीच एकदा प्रसेनजितला हे सांगितलं होतं. आता त्यांना आत बोलावलं गेलं आणि सगळ्यांच्यासारख्याच कपात चहा आला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. गुरुजी नेहमीप्रमाणं माझ्यावर बसून बोलत होते.

केशरबाईंनी मला पायांवरून ओळखलं. नवऱ्यानं कापलेलं रबर त्या कशा विसरतील?

“गुरुजी, जरा उठता का?”

गुरुजी उठले. केशरबाईंनी चादर काढली आणि झाकण वर केलं. गुरुजींनी भोकाकडं पाहिलं, मग हातातल्या कपाकडं पाहिलं, आणि कप टीव्हीवर ठेवून दिला. “म्या... म्या महिनाभर हितं बसून चहा पितोय!”

आणि मग आतून एक आवाज आला. द्वारकाबाई हसत होत्या! बारीक, खोकत खोकत, पण हसत होत्या. “गुरुजी... अवो गुरुजी...” एवढंच त्यांना बोलता येत होतं. हर्षाली तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. महिन्याभरात त्या घरात कुणी हसलं नव्हतं. माझी एवढी बेअब्रू झाली, पण तो आवाज ऐकून मला काही वाटेनासं झालं.

केशरबाईंनी मला उचललं आणि सरळ द्वारकाबाईंच्या खाटेशेजारी नेऊन ठेवलं. “देवाची भिंत असू दे. देवाला समदं ठावं असतंय.” मग पाण्यानं भरलेला तांब्या त्यांच्यापुढं धरला. “प्या.”

द्वारकाबाईंनी मान फिरवली. पण आता हसू गेलं होतं आणि खरं कारण बाहेर आलं. “बाई, बसायचं मी बसंन. पण ह्ये भांडं उचलायचं कुणी? ही लेकराची जात. माझ्या पोटची न्हाय, दुसऱ्याच्या घरून आलेली. तिच्या हातानं माझी घाण काढून घेऊ? त्यापरीस तहानेनं गेले तर काय झालं?”

“मी काढते की आत्या,” हर्षाली म्हणाली.

“तू गप!”

आण्णासाहेब दारात उभे होते. त्यांनी घसा खाकरला. “बाई, एक विचारतो. ह्या कामाला गावातलं कुणी माणूस मिळंल का? म्हंजे... तुमच्या ओळखीचं?”

‘तुमच्या ओळखीचं’ म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले.

एरवी केशरबाई कुणाच्याही घरी गेल्या की भांडं आधी उचलतात आणि चहा नंतर घेतात. त्या दिवशी त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि हाताची घडी घातली. आवाज मुळीच चढवला नाही.

“आण्णासाहेब, नर्स म्हणून म्या किती जणांची भांडी उचलली त्याची गणती न्हाय. माझ्या मालकाचं उचललं. आत्ता ह्यांचं बी उचलंन. पण असल्या कामाला माणूस बघा, असं मला सांगू नका. ती माणसं आता शाळा शिकवत्यात, हापिसात बसत्यात. ते दिवस गेले. आन् मी एसटीनं माघारी गेल्यावर उद्या काय? परवा काय?”

आण्णासाहेबांची मान खाली गेली. मग ते पुढं आले, केशरबाईंनी खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि बायकोपुढं धरला.

“पी, द्वारका.”

“आन् मग?”

“मी हाय न्हवं.”

“तुमी? तुमी आजवर सवताचं ताट कधी उचललं न्हाय!”

“मग काय झालं? शिकंन.”

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात अर्धा रिकामा केला. किती तहान साठली होती त्या बाईला!

माळ्यावरून भांडं निघालं. केशरबाईंनी तास नव्हे, चांगली दुपार घालवली. झाकण कधी लावायचं, फिनेल किती टाकायचं, भांडं कुठल्या कडेनं धरायचं, सगळं आण्णासाहेबांना दाखवलं. पहिल्या खेपेला त्यांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं, दोन्ही हात लांब केले आणि गोठ्याच्या मागून, शेजाऱ्यांची नजर चुकवत निघाले. उंबऱ्याला अडखळले, थोडं सांडलं, स्वतःच पुसलं. नेमके समोरून श्रीमंत गुरुजी! गुरुजींनी काय ते ओळखलं आणि आभाळाकडं बघत पाऊस कधी येईल याचा अंदाज बांधू लागले.

आठव्या दिवशी रिपोर्ट सुधारला आणि डोस मिळाला. पुढचे तीनही मिळाले. उपरणं दुसऱ्या आठवड्यातच सुटलं. महिन्याभरानं आण्णासाहेब मला भर अंगणात, तुळशीपुढं उन्हात वाळत ठेवायला लागले. कुणी विचारलं की सांगायचे, “संडासची खुर्ची हाय. बायकूसाठी.” माझं नाव, पूर्ण, मोठ्यानं, रस्त्याला ऐकू जाईल असं! मी तर उन्हातल्या उन्हात फुगले.

माझ्या कामात एक विचित्र गोष्ट आहे. मी नकोशी झाले की समजायचं, दोनातलं एक काहीतरी झालंय. माणूस उठलाय, नाहीतर गेलाय. अकरा घरांपैकी आठ घरांतून मी दुसऱ्या कारणानं बाहेर पडले. मला रडता येत नाही म्हणून बरं. द्वारकाबाई मात्र एका सकाळी भिंतीला धरून उठल्या आणि एकट्या परसापर्यंत गेल्या. डॉक्टरांनी बरं झालं असं म्हटलेलं नाही. तीन-तीन महिन्यांनी तपासायला यायला सांगितलंय. पण त्या दिवशी मला खोलीबाहेर काढलं, आणि कुणी घालवून दिल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

केशरबाईंचा निरोप आला: तेरखेड्याला दैवशाला नावाची बाई आहे, चाळिशीची, घरी फटाक्यांच्या कागदी नळ्या वळते. तिनंही पाणी सोडलंय.

आण्णासाहेबांनी पोतं मागितलं नाही. मला खांद्यावर घेतलं आणि गावातून चालत एसटी स्टँडवर गेले. मागून द्वारकाबाई, डोक्याला रुमाल बांधून, हळूहळू. बसमध्ये एकानं माझ्यावर बसायला पाय टाकला तर आण्णासाहेब गरजले, “ती आजारी माणसाची जागा हाय!”

दैवशालाच्या खोलीत एका कोपऱ्यात वळलेल्या नळ्यांचा ढीग होता. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिचा नवरा दारात उभा, काय करावं ते न कळून. मला पाहिल्यावर ती म्हणाली, “परत न्या. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय.”

द्वारकाबाईंनी मला खोलीच्या मधोमध ठेवलं, झाकण लावलेलंच होतं, आणि नव्या लुगड्यानिशी सगळ्यांसमोर माझ्यावर बसल्या.

“बस, बाई. मी चार महिने हिच्यावर काढले. पाणी मी बी सोडलं होतं. मराया टेकले होते तहानेनं. मला एक तांब्या पाणी दे, आन् तुझ्यासाठी बी एक भर.”

नवऱ्यानं दोन तांबे आणले. द्वारकाबाईंनी माझ्यावर बसूनच आपला तांब्या गटागटा संपवला. दैवशाला बघत होती. मग ती कोपरावर उठली, दुसरा तांब्या घेतला, पण तोंडापाशी नेऊन थांबली आणि नवऱ्याकडं पाहिलं. मला ती नजर ओळखीची होती.

सध्या मी तेरखेड्यातच आहे. पाय शाबूत आहेत, एका दांड्याचा रंग उडालाय, झाकणाला बारीक चीर गेलीय. सत्कार अजून झालेला नाही. तुमच्याकडं माझं फार मागणं नाही. कुणा आजाऱ्याला भेटायला गेलात तर धीरावर भाषण करू नका, पाणी प्यायलं का तेवढं विचारा. आणि मी दिसले तर चादर उचलून बघा, बसण्याआधी.

तर, दैवशालाची ती नजर आण्णासाहेबांनीही ओळखली. ते दारातून पुढं झाले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि वाकून माझ्या खालचं भांडं बाहेर ओढलं. मग तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तू पी गं, बाई. आन् तू चल रं माझ्यासंगं बाहेर. ह्ये धरायचं कसं, तुला दावतो.”